आर्थरचें आसन : एडिंबरा येथील एक लहान टेकडी

आठशें फूट उंचीची टेकडी चढून आलेल्या मनुष्याचें आपल्याकडे कोणी कौतुक करणार नाहीं. सिंहगडाची वाट पायांखालीं घातलेल्या मुलास तर ही उंची खेळच वाटेल. तथापि स्कॉटलंडची राजधानी जी एडिंबरा नगरी, तिच्या पूर्व भागांत ‘आर्थर्स सीट’, म्हणजे आर्थरचें आसन, या नांवाची ८२३ फूट (२५१ मीटर) उंचीची जी टेकडी आहे, तिची गोष्ट निराळी. पृथ्वीचें वय किती, हा प्रश्न ग्रंथांस न विचारतां दगडांस विचारावा, हें धाडस ज्या थोड्या ठिकाणीं प्रथम झालें, त्यांपैकीं ती एक होय. चढून, तिला वळसा घालून परत येण्यास दोनअडीच तास पुरतात. या लेखांत आपण तीच फेरी करूं; मात्र नुसतें चालावयाचें नाहीं, दगड पाहत चालावयाचें.

प्रथम वेळेविषयीं. एडिंबरा सुमारें ५६ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें तेथें जून महिन्यांत सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो, व डिसेंबरांत दुपारीं पावणेचारच्या आंतच मावळून जातो. हिवाळ्यांत जाणारानें सकाळींच निघावें हें उघड आहे. बूट चांगल्या तळव्याचे असावेत, व अंगांत वारा अडविणारा कोट असावा. खालीं शहरांत झाडाचें पान हलत नसतां माथ्यावर टोपी डोक्यावर राहूं नये, असा प्रकार तेथें नेहमींचा आहे. शिवाय वसंतांत व उन्हाळ्यांत पूर्वेच्या समुद्रावरून एक गार धुकें आंत येतें. त्यास तिकडील लोक ‘हार’ म्हणतात. तें आलें म्हणजे दहा पावलांवरची वाटही दिसेनाशी होते. टेकडी लहान म्हणून तिच्या कड्यांवरून पडलेला मनुष्य कमी दुखावतो, असें नाहीं.

आपण होलीरूड राजवाड्यापासून आरंभ करूं. राजवाड्यामागें पसरलेलें सुमारें साडेसहाशें एकरांचें मोकळें रान म्हणजे होलीरूड पार्क. सोळाव्या शतकांत पांचव्या जेम्स राजानें त्यास भिंत घालून आपल्या शिकारीसाठीं राखून ठेविलें. या रानाचा दुसरा एक उपयोग मात्र आपल्या वाचकांस नवल वाटण्यासारखा आहे. होलीरूडच्या जुन्या मठाच्या हद्दींत कर्जबुडव्यास पकडूं नये, असा पूर्वापार नियम होता, आणि ही हद्द टेकडीसुद्धां सर्व रानाला वेढून होती. त्यामुळें दिवाळें निघालेले व्यापारी, उधळे सरदार व फाटके लेखक सावकाराच्या धाकानें येथें येऊन राहत. इंग्रजी निबंधकार थॉमस डी क्विन्सी हा त्यांपैकींच एक. रविवारीं कोणासही कर्जासाठीं अटक करतां येत नसे. तेव्हां हे लोक त्या दिवशीं शहरांत मोकळे हिंडत व रात्रीं बाराच्या आंत परत येत. इतर सहा दिवस मात्र टेकडीच्या माथ्यावरून आपलें घर पाहावें, आणि घरीं जाऊं नये! १८८० मध्यें कर्जासाठीं तुरुंगांत घालण्याची चालच बंद झाल्यावर या आश्रयाचें प्रयोजन राहिलें नाहीं.

राजवाडा मागें टाकून डावीकडे वळलें कीं सेंट मार्गारेटचें तळें लागतें. तें नैसर्गिक नव्हे. एकोणिसाव्या शतकांत दलदलीच्या जागीं तें बांधून घेण्यांत आलें. त्याच्या वर एका उंचवट्यावर सेंट अँथनीच्या प्रार्थनामंदिराचे भग्नावशेष उभे आहेत. येथून खरा चढ सुरू होतो. दोहों बाजूंस गॉर्स नांवाचीं कांटेरी झुडपें आहेत. त्यांस वसंतांत पिंवळीं धमक फुलें येतात व सारा उतार दुरूनही पिंवळा दिसतो. डाव्या अंगास टेकडीचा ईशान्य उतार आहे. १८३६ सालीं सशांच्या शोधांत हिंडणाऱ्या कांहीं मुलांस त्या बाजूस एका लहानशा कपारींत पाटीच्या दगडांनीं झांकलेल्या सतरा इवल्या शवपेट्या सांपडल्या. प्रत्येक पेटी बोटभर लांब, व तींत कापडी कपडे शिवून घातलेली एकेक लाकडी बाहुली निजविलेली! मुलेंच तीं, त्यांनीं त्या एकमेकांस फेंकून मारण्यांत कांहींचा नाश केला. उरलेल्या आठ आज एडिंबरा येथील राष्ट्रीय संग्रहालयांत ठेविल्या आहेत. खलाशांच्या टोटक्यापासून खून झालेल्यांच्या प्रतीकात्मक अंत्यविधीपर्यंत अनेक तर्क विद्वानांनीं केले. पण कोणताही सर्वमान्य झालेला नाहीं.

पुढें वाट दरीच्या कडेनें चढत जाते. डाव्या हातास मुख्य टेकडी व उजव्या हातास, दरीपलीकडे, सॅलिसबरी क्रॅग्ज नांवाच्या कड्यांची पाठ दिसते. त्या कड्यांचें तोंड पश्चिमेकडे शहराकडे आहे; त्यांस आपण शेवटीं भेटणार आहों. वाटेच्या शेवटल्या भागांत दगडी पायऱ्या आहेत, व त्या संपल्या म्हणजे उघडा खडक. हा माथ्यावरचा काळा पाषाण कोट्यवधि पायांनीं घांसून इतका गुळगुळीत झाला आहे कीं, पाऊस पडून गेल्यावर त्यावर धीट मनुष्यही चार पायांनीं चालूं लागतो. घाई करूं नये. चढतांना न घसरणारे पुष्कळ लोक उतरतांना येथेंच घसरतात.

माथ्यावर एक मोजणीचा खांब, व कोणत्या दिशेस काय दिसतें हें सांगणारी चकती आहे. उत्तरेस फोर्थची खाडी व पलीकडे फाइफचा प्रांत. पूर्वेस नॉर्थ बेरविक लॉ ही सुळक्यासारखी टेकडी व समुद्रांतून वर आलेला बास रॉक. दक्षिणेस पेंटलंडचे डोंगर. आणि पश्चिमेस, जवळच, खडकावर बसलेला एडिंबराचा किल्ला. या किल्ल्याच्या खडकाकडे जरा नीट पाहावें. त्याच्या तीन बाजू तुटलेल्या आहेत. चौथी, म्हणजे पूर्वेची, मात्र हळूहळू उतरत आपल्या पायांशीं होलीरूडपर्यंत येते, व तिच्याच पाठीवर जुन्या शहराचा सुमारें मैलभर लांबीचा प्रमुख रस्ता वसला आहे. हें असें कां झालें? हिमयुगांत येथें प्रचंड हिमनदी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होती. कठीण काळा खडक तिला खरवडतां आला नाहीं. पण त्याच्या आड दडलेला मऊ खडक मात्र वांचला, व शेंपटीसारखा मागें राहिला. ओढ्याच्या मधोमध धोंडा असला म्हणजे त्याच्या खालच्या अंगास वाळूची शेंपटी कशी सांचते, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास ही आकृति ओळखीची वाटेल. फरक इतकाच कीं ओढा वाळू आणून सांचवितो, व हिमनदीनें येथें आजूबाजूचें सारें नेऊन शेंपटी तेवढी शिल्लक ठेविली.

किल्ल्याचा तो खडक व आपण उभे आहों ती टेकडी हीं एकाच कुळांतलीं. सुमारें ३४ कोटी वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखी होता. त्या काळीं आजच्या स्कॉटलंडची भूमि विषुववृत्ताच्या जवळ होती. येथें उथळ समुद्र व उष्ण दलदली होत्या, आणि त्यांतच हा ज्वालामुखी फुटला. पुढें तो विझला, चिखलवाळूच्या थरांखालीं गाडला गेला, पूर्वेकडे कलला, व अखेर हिमानें वरचें पांघरूण ओढून काढिल्यामुळें पुन्हां उघडा पडला. म्हणजे हें ज्वालामुखीचें तोंड नव्हे. त्याचा आंतील सांगाडा आहे. दुरून पाहतां ही टेकडी बसलेल्या सिंहासारखी दिसते. माथ्यास सिंहाचें डोकें व दक्षिणेकडील दुसऱ्या उंचवट्यास सिंहाचा पुठ्ठा असेंच म्हणतात. हीं दोन्ही स्थानें म्हणजे ज्यांतून लाव्हारस वर येत असे त्या नळ्या होत. त्यांत शेवटचा रस थिजून दगड झाला.

माथ्यावरून पूर्वेकडे उतरलें कीं डन्सापी नांवाचें दुसरें लहान तळें लागतें. या बाजूच्या उतारांवर प्राचीन लोकांनीं शेतीसाठीं कोरलेल्या पायऱ्यांसारख्या ताली अजून दिसतात. संध्याकाळीं तिरपें ऊन पडलें म्हणजे त्या अधिक स्पष्ट होतात. तेथून दक्षिणेस पायऱ्या उतरून डडिंगस्टन खेड्यांत जातां येतें. तेथील देऊळ बाराव्या शतकांतलें, व त्याखालचें तळें मात्र खरेंखुरें नैसर्गिक आहे. खेड्यांतून खालच्या रस्त्यानें पश्चिमेकडे परतूं लागलें म्हणजे उजव्या हातास एकाएकीं खांबांची रांग उभी राहते. हे दगडी खांब मनुष्यानें घडविलेले नाहींत. बायबलांतील महाबली सॅम्सन याच्या नांवावरून त्यांस ‘सॅम्सनच्या फासळ्या’ म्हणतात.

येथें थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. लाव्हारस थिजतांना आकुंचन पावतो. उन्हाळ्यांत तळ्याचा गाळ वाळतांना त्यास जशा भेगा पडून चौकोनी, पंचकोनी तुकडे होतात, तसेंच येथें होतें. परंतु थंडी जसजशी आंत शिरते तसतशा भेगाही खोल जातात, व तुकड्यांचे खांब बनतात. बहुतेकांस पांच किंवा सहा बाजू असतात. हें पाहण्यासाठीं स्कॉटलंडास जावयास पाहिजे असें मुळींच नाहीं. मुंबईच्या अंधेरी उपनगरांत गिल्बर्ट हिल म्हणून सुमारें दोनशें फूट उंचीचा असाच खांबांचा खडक उभा आहे. त्याच्या डोक्यावर देवीचें मंदिर आहे. तो आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. आर्थरचें आसन त्याहून पांचपटीनें म्हातारें. पण दोघांची घडण एकच. सह्याद्रीच्या या पायऱ्यापायऱ्यांच्या खडकास भूगर्भशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द स्वीडनांतून आला, व त्याचा अर्थ जिना असा आहे. तेव्हां पुढें जो वाद सांगणार आहें, तो आपल्या गडकिल्ल्यांच्या दगडाविषयींचाही आहे, हें ध्यानांत असूं द्यावें.

रस्त्यानें आणखी थोडें चालल्यावर सॅलिसबरी क्रॅग्जचें दक्षिण टोंक येतें. सुमारें दीडशें फूट उंचीचा हा सरळ कडा, व त्याच्या पायथ्यानें गेलेली एक वाट. या वाटेस ‘रॅडिकल रोड’ म्हणतात. १८२० सालीं पश्चिम स्कॉटलंडांतील विणकर उपासमारीनें व राजकीय हक्कांच्या मागणीनें खवळून उठले होते. तें बंड मोडल्यावर बेकार विणकरांस कांहीं काम द्यावें म्हणून, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट याच्या सूचनेवरून, ही वाट त्यांच्याकडून बांधून घेण्यांत आली. ज्यांनीं हक्क मागितले त्यांस कुदळ मिळाली; नांव मात्र त्यांच्या चळवळीचें राहिलें. २०१८ मध्यें कड्यावरून दरड कोसळली व ही वाट कुंपण घालून बंद करण्यांत आली. स्कॉटलंडांत २००३ च्या कायद्यानें मोकळ्या भूमींत जबाबदारीनें हिंडण्याचा हक्क सर्वांस दिलेला आहे. त्यामुळें या कुंपणाविषयीं तेथें पुष्कळ वादविवाद झाला. जाणारानें त्या दिवशीं कोठपर्यंत जाऊं देतात हें पाहूनच जावें. पडणाऱ्या दगडास हक्काची भाषा समजत नाहीं.

या वाटेच्या दक्षिण टोंकाजवळच ती जागा आहे, जिला ‘हटनचा छेद’ म्हणतात. जेम्स हटन हा १७२६ त एडिंबरा येथें जन्मला. तो वैद्यक शिकला, पण वैद्य झाला नाहीं. काजळीपासून नवसागर करण्याच्या कारखान्यांत त्याची भागी होती, आणि पुढें कित्येक वर्षें त्यानें शेती केली. शेतावर त्यास एक साधी गोष्ट खुपूं लागली. पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर शेतांतील माती ओढ्यांत, ओढ्यांतून नदींत व नदींतून समुद्रांत जाते. असें निरंतर चाललें तर भूमि कधींच संपून जावयास पाहिजे होती. ती संपली नाहीं, तेव्हां कोठें तरी नवी भूमि घडत असली पाहिजे. समुद्राच्या तळाशीं सांचलेला गाळ दगड होतो, पृथ्वीच्या पोटांतील उष्णता त्यास वर उचलते, व पुन्हां पाऊस त्यास झिजवूं लागतो. पण अशा एका फेऱ्यास काळ किती लागेल? आयर्लंडांतील आर्चबिशप जेम्स अशर यानें १६५० मध्यें जगाच्या उत्पत्तीचें वर्ष ख्रिस्तपूर्व ४००४ असें गणून ठरविलें होतें, व तेंच पुष्कळ लोक खरें मानीत. सहा हजार वर्षांत एक नदी आपली दरीसुद्धां कोरूं शकणार नाहीं! हटन नास्तिक नव्हता. जगाची रचना शहाणपणानें केलेली आहे अशी त्याची श्रद्धा होती. आपला सिद्धांत त्यानें १७८५ मध्यें एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला.

प्रतिपक्ष दुर्बल नव्हता. जर्मनींतील फ्रायबर्गचा थोर अध्यापक वेर्नर याचें म्हणणें असें कीं, सर्व खडक, काळा पाषाणदेखील, एका आदिसमुद्राच्या पाण्यांतून खालीं बसून झाले. आतां आपण कड्याकडे पाहूं. खालीं तांबूस वालुकाश्माचे व मातकट दगडाचे पातळ थर वहीच्या पानांसारखे पसरलेले. त्यांवर काळ्या दगडाचा जाड थर. इतकें पाहून वेर्नरचा शिष्य म्हणेल : आधीं वाळू बसली, मग तिच्यावर काळा दगड बसला, यांत नवल तें काय? परंतु एके ठिकाणीं काळा दगड खालच्या थरांत पाचरीसारखा घुसला आहे. तेथें थर वांकले आहेत, तुटले आहेत, व त्यांचा एक तुकडा उचकटून वर उचलला गेला आहे. पाण्यांतून सावकाश खालीं बसणारा गाळ आपल्या खालची जमीन उचकटीत नाहीं. शिवाय संधीजवळचा वालुकाश्म भाजून कठीण झालेला, आणि काळ्या दगडाचा कडेचा भाग बारीक कणांचा, म्हणजे थंड दगडास लागून झटकन थिजलेला. आणखी असें कीं, काळ्या थराच्या वर जे थर होते तेही भाजलेले आढळतात. उघड्यावर वाहत आलेल्या रसानें नंतर पडणारे थर भाजले नसते. तेव्हां हा रस आधींच असलेल्या थरांच्या मधोमध, खालून, तापलेल्या स्थितींत शिरला, हें एकच उत्तर उरतें. हा कडा टेकडीच्या ज्वालामुखीहून कित्येक लक्ष वर्षांनीं लहान आहे, असें आजचे शास्त्रज्ञ सांगतात.

हटनचा मित्र सर जेम्स हॉल यास हें भट्टींत करून पाहण्याची इच्छा होती. लीथ येथील काचेच्या कारखान्यांत एकदां वितळलेली काच चुकून फार सावकाश निवाली, तेव्हां ती काच न राहतां दगडासारखी अपारदर्शक झाली. ही हकीकत त्याच्या कानीं आली होती. पण एवढीशी मूस पेटवून निसर्गाच्या अफाट कार्याचा निवाडा करावा, हें हटनला पसंत नव्हतें. मित्राचा मान राखून हॉल थांबला. १७९७ त हटन वारला, व १७९८ मध्यें हॉलनें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काळा पाषाण लोखंडाच्या भट्टींत वितळवून झटकन निवविला तर त्याची काच होते, व सावकाश निवविला तर पुन्हां कणीदार दगड होतो. मला हा प्रसंग मोठा गोड वाटतो. हटनचें मत खरें, पण प्रयोगाविषयींचा त्याचा तिटकारा चुकीचा. आणि त्याच्या मताचा भक्कम पुरावा त्याची आज्ञा न मानतां मिळाला! हटनचें लिखाणही फार अवघड होतें. गणिताचा अध्यापक जॉन प्लेफेअर यानें १८०२ मध्यें तें सुबोध करून लिहिलें, तेव्हां कोठें लोक तें वाचूं लागले. हा प्लेफेअर पूर्वीं धर्मोपदेशक होता, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

इतकें झाल्यावर वाद मिटला असेल, असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. १८२५ ते १८२७ या काळांत चार्ल्स डार्विन हा एडिंबरा येथें वैद्यक शिकत होता. त्याचा अध्यापक रॉबर्ट जेमसन हा वेर्नरचा शिष्य. एके दिवशीं याच सॅलिसबरी क्रॅग्जवर नेऊन अध्यापकानें मुलांस काळ्या दगडाची एक उभी भिंत दाखविली, व ही भेग वरून पडलेल्या गाळानें भरली असें सांगितलें. ती खालून वितळलेल्या रसानें भरली असें मानणारेही लोक आहेत, असें तो उपहासानें म्हणाला. कडेचे थर भाजलेले मुलांच्या डोळ्यांसमोर होते. या विषयाचें पुस्तक जन्मांत वाचणार नाहीं, असा निश्चय त्या व्याख्यानांनीं आपण केला होता, हें डार्विननें वृद्धपणीं आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे. सुदैवानें तो निश्चय टिकला नाहीं. १८३१ च्या अखेरीस जगप्रवासास निघतांना त्याच्याजवळ लायेलच्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथाचा पहिला भाग होता, व लायेलनें हटनचाच धागा पुढें नेलेला होता.

कडा मात्र आपण पाहूं शकतों तो थोडक्यांत वांचला. रानाचे वंशपरंपरागत रखवालदार असलेले हॅडिंग्टनचे अर्ल हे या कड्याचा दगड फोडून रस्त्यांच्या फरसबंदीसाठीं विकीत असत. रखवालदारानेंच राखणीची वस्तु विकावी, हें शहरांतील लोकांस सहन झालें नाहीं. खटला लांबत लांबत हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, व १८३१ मध्यें तेथें अर्लच्या विरुद्ध निकाल लागून दगडफोड बंद पडली. छेदापासून थोड्या अंतरावर लोहखनिजाची तांबडी शीर असलेला एक सुटा खडक उभा आहे. हा फोडूं नका, अशी हटननें स्वतः कामगारांस विनंती केली होती, असें सांगतात. भोंवतालचा सारा दगड गेला. तो तेवढा राहिला.

येथून राजवाडा पाऊण मैलाच्या आंत आहे. पाय थकले नसतील तर परततांना सेंट जॉन्स हिल या जागीं जावें. तेथें हटन आपल्या बहिणींसह राहत असे. तें घर आतां नाहीं. त्या ठिकाणीं त्याच्या स्मरणार्थ एक लहानशी बाग केली आहे, व ग्लेन टिल्ट या दरींतून आणलेले पांढऱ्या-तांबूस शिरांचे धोंडे तींत ठेविले आहेत. १७८५ मध्यें हटन त्याच दरींत अशा शिरा शोधावयास गेला होता, व त्या सांपडल्यावर त्यास इतका हर्ष झाला कीं, याला सोन्याची खाण लागली असें बरोबरच्या वाटाड्यांस वाटलें.